एजंट परत परत चुकीचंच टूल उचलतोय? सिस्टिम प्रॉम्प्ट सोडा, टूलचं वर्णन उघडा

लक्षण ओळखीचं आहे. एआय एजंट, म्हणजे भाषा मॉडेलला टूल्स (त्यानं बोलवायची फंक्शन्स) जोडून केलेला मदतनीस, डेमोला झकास चालतो, लोक वापरायला लागतात, मग एक दिवस फोन येतो की बुवा भाव विचारला तर ह्यानं भलतंच काहीतरी सांगितलं. आपण सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला कायम दिलेल्या सूचनांमध्ये, एक ओळ वाढवतो, "भाव विचारला की हेच टूल वापर". दोन दिवस बरं जातं. मग तीच तक्रार दुसऱ्या गावाहून दुसऱ्या शब्दांत. परत एक ओळ. असं करत करत प्रॉम्प्ट दोन पानांचा होतो, त्यात एक ओळ दुसरीला कापते, आणि तक्रार आहे तिथंच आहे.

उदाहरणासाठी आमच्याकडचाच एजंट घेतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका शेतकरी कंपनीसाठी व्हॉट्सॲपवर चालतो, मुख्य काम केळीचं, जोडीला थोडा कापूस. टूल्स अशी: केळीचा जाहीर भाव, कंपनीची स्वतःची खरेदी नोंद, कापणीची नोंदणी, हवामान, शेतकऱ्याची पट्टी, कापूस भाव वगैरे. फार नाहीत. तरी गोंधळ व्हायचा, म्हणजे टूल्स चाळीस-पन्नास झाली की मगच हा त्रास होतो असं काही नाही. (नावं इथं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये रोमनच ठेवा, बहुतेक एपीआय (मॉडेलशी कोडमधून बोलायची जोडणी) टूलच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच चालू देतात. वर्णनात मात्र मराठी बिनधास्त चालतं.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन, आणि पॅरामीटर्सचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा आराखडा. बस. फंक्शनच्या आत तुम्ही कितीही व्यवस्थित कमेंट लिहिल्या असतील, डेटाबेसमध्ये टेबलं कशी वाटली असतील, कोणता आकडा कुठून येतो हे तुम्हाला पाठ असेल, त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत जात नाही. २०२३ च्या जूनमध्ये ओपनएआयनं फंक्शन कॉलिंग आणलं तेव्हापासून हेच आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकनं एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायचं खुलं मानक) आणल्यावर तर अजून वाढलं, कारण आता दुसऱ्याची टूल्स एका कनेक्शननं आपल्या यादीत येऊन बसतात आणि त्यांची वर्णनं आपण वाचतसुद्धा नाही.

लॉग बघताना

शेतकऱ्याला गेलेलं उत्तर बघून काही कळत नाही. टूल कॉल बघा: कोणतं टूल, कोणते आर्ग्युमेंट (पॅरामीटरमध्ये भरलेली माहिती), टूलनं काय परत दिलं. मग चुकीचा प्रकार ठरवा. टूलच चुकीचं उचललं? टूल बरोबर पण आर्ग्युमेंट चुकलं? दोन्ही बरोबर पण आलेला निकाल उलटा वाचला? की टूल बोलावलंच नाही आणि मनानंच उत्तर ठोकलं? ह्या चारांचा इलाज वेगवेगळा आहे आणि लोक चारही ठिकाणी "मॉडेल बदलून बघू" म्हणतात. मॉडेल बदलल्यावर कधीकधी सुटतंही, पण का सुटलं ते माहीत नसतं, म्हणून पुढचं व्हर्जन आलं की परत येतं.

चुकीचं टूल: दोघांची हद्द लिहिलेली नसते

आमच्या जाहीर भावाच्या टूलचं मूळ वर्णन होतं: "केळीचा भाव मिळवते." खरेदी नोंदीचं होतं: "केळी खरेदीचे दर दाखवते." आता सांगा, शेतकरी विचारतो "आज काय भावानं गेली केळी?", तर कुठलं उचलायचं? जाहीर भाव आणि बांधावर व्यापाऱ्यानं प्रत्यक्ष दिलेला भाव ह्यात फरक पडतो हे रावेरच्या पोरालाही माहीत आहे, त्यावरून दरवर्षी ओरड होते. मॉडेलला त्या दोन ओळींतून ते कळायला काही मार्गच नाही. ते कधी हे उचलणार कधी ते, आणि आपण म्हणणार एजंट लहरी आहे.

सगळे लोक इथं एकच टूल सुधारतात, ज्याच्याबद्दल तक्रार आली ते. माझं म्हणणं आहे की तीच चूक दुरुस्तीनंतरही परत आली तर टूल एकटं बघूच नका, जोडी बघा. कोणाऐवजी कोण उचललं गेलं? त्या दोघांच्या वर्णनात एकमेकांचं नाव असलं पाहिजे. आम्ही शेवटी असं लिहिलं (मूळ वाक्यं इंग्रजीत आहेत, इथं मराठीत देतोय):

"जाहीर_केळी_भाव: दिलेल्या तारखेला बाजार समितीनं जाहीर केलेला केळीचा भाव देते, रुपये प्रति क्विंटल. शेतकरी आजचा किंवा मागचा बाजारभाव विचारत असेल तेव्हा वापरा. हा जाहीर भाव आहे, बांधावर प्रत्यक्ष मिळालेला नाही. आपल्या कंपनीनं कोणत्या दरानं माल घेतला हे हवं असेल तर कंपनी_खरेदी_नोंद वापरा. 'काय भावानं गेली' सारखा प्रश्न दोन्हीकडे जाऊ शकतो, तेव्हा दोन्ही टूल्स वापरून दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा. उद्याच्या भावाचा अंदाज हे टूल देत नाही."

आणि खरेदी नोंदीच्या वर्णनात ह्याच्या उलट बाजूनं तेच. एकाच बाजूला लिहून भागत नाही, कारण मॉडेल दुसऱ्या टूलकडे आधी झुकलं असेल तर पहिल्याचं "हे नको, ते वापर" त्याला उशिरा भेटतं.

"देत नाही"वालं वाक्य लोक गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त कामाचं तेच आहे. टूल काय करतं हे नावावरून अर्धंअधिक कळतंच. काय करत नाही हे लिहिल्याशिवाय कळायला जागा नाही. पण अतीही नको. एका टूलला पाच-सहा "हे नाही ते नाही" लिहावे लागत असतील तर वर्णन नाही, टूल्सचीच वाटणी चुकली आहे. तेव्हा दोन टूल्स एक करून आत एक पॅरामीटर द्या. आम्ही कापसाचं आणि केळीचं मात्र एक केलं नाही, कारण कापसात क्विंटलसोबत खंडीचंही माप येतं, त्यावर खाली येतो.

आर्ग्युमेंट चुकतं: पॅरामीटरचं नावच फसवं

ह्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. पॅरामीटर होता "प्रकार", टाईप स्ट्रिंग (म्हणजे कुठलाही मजकूर चालतो), वर्णन रिकामं. आपल्या डोक्यात प्रकार म्हणजे नवती, पिलबाग, वापसी हे मालाचे वर्ग. भाव तसाच फुटतो. पण शेतकरी लिहितो "जी नाईन आहे माझी, काय भाव", मॉडेल प्रकारात टाकतं "जी-नाईन". त्याचं काही चुकलं नाही, केळीचा प्रकार म्हटल्यावर जात असाच अर्थ कोणीही घेईल, श्रीमंती, बसराई, ग्रँड नैन. दुसरा लिहितो "कांदेबाग आहे, नवती", तर टाकतं "कांदेबाग नवती". डेटाबेसमध्ये असं काही नाही, रिकामी यादी परत येते, आणि एजंट आत्मविश्वासानं सांगतो की आज भाव निघालेला नाही.

दुरुस्ती: नाव बदलून "माल_वर्ग", एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) टाकून फक्त डेटाबेसमध्ये असलेलेच पर्याय, आणि वर्णनात स्पष्ट की जात किंवा लागवडीचा हंगाम म्हणजे मृगबाग-कांदेबाग इथं टाकू नका, त्यानुसार भाव ह्या टूलमध्ये नाही. एनम हा वर्णनापेक्षा भारी असतो, जिथं पर्याय ठरलेले आहेत तिथं वाक्यं लिहीत बसू नका, एनम द्या.

आणि हा पॅरामीटर आधी रिक्वायर्ड, म्हणजे भरायलाच हवा असा, होता. हे फार ठिकाणी बघतो. शेतकऱ्यानं वर्ग सांगितलाच नाही आणि स्कीमा म्हणतोय दिलाच पाहिजे, मग काही मॉडेल्स परत विचारतात, काही सरळ अंदाजानं "नवती" भरून मोकळी होतात. जे माहीत नसू शकतं ते रिक्वायर्ड ठेवलं म्हणजे तुम्हीच त्याला बनवायला सांगितलं. ऑप्शनल करा आणि लिहा "शेतकऱ्यानं सांगितलं नसेल तर रिकामं सोडा, सगळ्या वर्गांचे भाव येतील."

आयडीचंही तेच. स्वॅगर डॉक्युमेंटेशनमधून (एपीआयच्या माहितीपत्रकातून) उचलून "मंडी_आयडी, इंटिजर" असं टूल केलेलं असतं. मॉडेलला काय माहीत रावेर किती नंबरला आहे, ते एक ठोकून देतं आणि कधीकधी तो नंबर दुसऱ्याच गावाचा निघतो. गावाचं नाव घ्या, आयडी आत कोडमध्ये शोधा. शोधताना जुनी नावंपण धरा, अजूनही कोणी मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणतो, आणि शहाद्या-तळोद्याकडच्या जुन्या नोंदी धुळे जिल्ह्याखाली असतात कारण नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला.

बऱ्हाणपूरची गंमत वेगळीच. रावेरचा शेतकरी बऱ्हाणपूरचा भाव विचारणारच, तो तिकडं लक्ष ठेवूनच माल काढतो. पण बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, आमच्या एनममध्ये जिल्हे फक्त जळगाव, धुळे, नंदुरबार. मॉडेलनं काय करावं, जवळचा म्हणून जळगाव भरला आणि तो भाव बऱ्हाणपूरचा म्हणून सांगितला. एनमनं आकार बरोबर ठेवला, अर्थ नाही. स्ट्रिक्ट मोड (आर्ग्युमेंट स्कीमाबाहेर जाऊ न देणारी सेटिंग) लावला तरी हे होतं, स्ट्रिक्टची हमी स्कीमापुरती असते. म्हणून एनम जिथं अपुरा पडू शकतो तिथं वर्णनात लिहा: "यादीत नसलेलं ठिकाण विचारलं तर जवळचं निवडू नका, ह्या ठिकाणाचा भाव आपल्याकडे नाही असं सांगा." ही एक ओळ टाकल्यावर ते थांबलं.

तारीख. फॉरमॅट लिहा, उदाहरणासकट, वर्ष-महिना-दिवस. "परवा" आला की मागचा की पुढचा हे टूलनुसार ठरवायला सांगा: भावाच्या टूलमध्ये परवा म्हणजे मागचाच, कापणी नोंदणीत परवा म्हणजे पुढचाच. टूलच्या वर्णनात हे सहज मावतं आणि खूप चुका वाचतात. आजची तारीख मॉडेलला स्वतःहून माहीत नसते, ती संदेशासोबत द्या, पण टूलच्या वर्णनात घुसवू नका, रोज वर्णन बदललं की प्रॉम्प्ट कॅशिंगचा (सुरुवातीचा तोच मजकूर परत आला की तो स्वस्तात पडतो त्याचा) फायदा जातो कारण बहुतेक ठिकाणी टूल्सची यादी सगळ्यात आधी जाते.

अजून एक, फक्त आपल्याच लोकांना भेटणारं. शेतकरी मराठी कीबोर्डवरून "१४ तारखेचा भाव" लिहितो आणि कधीतरी मॉडेल तारखेच्या स्ट्रिंगमध्ये देवनागरी आकडे तसेच पाठवतं. पायथॉनचं इंट फंक्शन देवनागरी आकडे निमूट स्वीकारतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र एनएएन ("हा आकडाच नाही") देतं, आणि डेटाबेसमध्ये टेक्स्ट म्हणून जुळवलं तर काहीच जुळत नाही, एररही येत नाही. परत तेच "आज भाव निघालेला नाही". वर्णनात "आकडे इंग्रजी, 0 ते 9" लिहाच, पण ह्यासाठी वर्णनावर विसंबू नका, कोडमध्ये आकडे बदलून घ्या, दोन ओळींचं काम आहे.

निकाल उलटा वाचला जातो

टूलनं परत दिलं "भाव: १४५०". कशाचा? क्विंटलचा की किलोचा? समजदार मॉडेल क्विंटल धरतं, पण सोबत दुसऱ्या कुठल्या टूलनं किलोचा आकडा दिला असेल तर गडबड. फील्डचं नावच "भाव_रुपये_प्रति_क्विंटल" ठेवा.

कापसात हे जास्त महाग पडतं. शेतकऱ्याचा कापूस क्विंटलवर जातो, आणि जिनिंगच्या बाजारात रुईचा भाव खंडीवर, खंडी म्हणजे ३५६ किलो. पारोळ्याचा माणूस विचारतो "आज कापुसले काय भाव शे?", एजंट बाजाराच्या फीडमधला रुईच्या खंडीचा आकडा काढून देतो, आणि समोरचा खुर्चीवरून पडतो. म्हणून कापूस टूलच्या वर्णनात: "सरकी असलेल्या कापसाचा भाव, रुपये प्रति क्विंटल. रुईचा खंडीचा भाव शेतकऱ्यानं स्पष्ट मागितला तरच रुई_भाव टूल वापरा." अहिराणीत प्रश्न येतो म्हणून काही अडत नाही बरं का, लेखी अहिराणी मॉडेलला बऱ्यापैकी समजते. अडतं ते मापावर.

रिकाम्या यादीबद्दल वर दोनदा आलंच. रिकामं परत देणं बंद करा. बाजार बंद होता, भाव अजून चढवला नाही, की ठिकाण सापडलं नाही, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टूलनं तसं वाक्यात सांगितलं पाहिजे. एररही तसाच. "एरर ४२२" दिलं तर मॉडेल तोच कॉल परत मारतं. "माल_वर्ग मध्ये नवती, पिलबाग, वापसी यापैकी एक द्या किंवा रिकामं सोडा" असं दिलं तर पुढच्याच कॉलला सुधारतं. एरर मेसेज हा वर्णनाचाच उशिरा वाचला जाणारा भाग आहे, तेवढ्याच काळजीनं लिहा.

जिथं नुसतं वर्णन पुरत नाही

कापणी नोंदणी. शेतकरी विचारतो "उद्या गाडी मिळंल का दादा?" आणि एजंट नोंद करून टाकतो. मजुरांची टोळी आणि ट्रक दोन्ही बांधावर हजर, आणि घड अजून भरलेलेच नाहीत. वर्णनात लिहा की ही नोंद खरी पडते, गाडी आणि टोळी लागते, चौकशीसाठी वापरू नका, त्यासाठी गाडी_उपलब्धता आहे. पण पैसे, माल, माणसं हलत असतील तर वर्णन हे कुलूप नाही. कोडमध्ये दोन टप्पे करा, पहिला कच्ची नोंद आणि दुसरा शेतकऱ्याचं "हो" आल्यावर पक्की. एमसीपीमध्ये टूलला फक्त-वाचन, विध्वंसक वगैरे खुणा लावता येतात, लावा, पण त्या नुसत्या सूचना आहेत आणि अनोळखी सर्व्हरनं लावलेल्या खुणांवर तर भरवसा ठेवूच नका.

तपासायचं कसं

पहिली तपासणी फुकट आहे. नाव, वर्णन, पॅरामीटर्स एवढंच कागदावर छापा आणि प्रोजेक्टमध्ये नसलेल्या माणसाला द्या, आम्ही कंपनीच्या मुनीमजींना दिलं. शेतकऱ्यांचे खरे प्रश्न एकेक वाचा आणि विचारा, नाना, ह्यासाठी कुठलं टूल उचलाल आणि आत काय भराल? त्यांना केळी आपल्यापेक्षा जास्त कळते, तरी जिथं ते "थांबा जरा" म्हणाले तिथं मॉडेलही अडखळत होतं. आणि "प्रकार म्हणजे जात ना?" हे पहिल्यांदा तेच बोलले.

मग प्रश्नसंच. लॉगमधून खरे प्रश्न काढा, नावं-नंबर काढून टाका, रोमन लिपीत टाईप केलेले, अर्धवट, अहिराणी मिसळलेले सगळे ठेवा, आणि प्रत्येकासमोर अपेक्षित टूल आणि आर्ग्युमेंट लिहा. टूल लागायलाच नको असे प्रश्नही हवेत, "राम राम" ला भाव सांगणारा एजंट मी बघितलाय. एका वर्णनात बदल केला की सगळा संच चालवा, कारण एका टूलचं वर्णन जाड केलं की ते शेजारच्याचे प्रश्न ओढायला लागतं. प्रत्येक प्रश्न एकदाच नका चालवू, तेच मॉडेल त्याच प्रश्नाला दर वेळी तेच टूल उचलेल असं नाही.

लांब वर्णनानं टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) जास्त जातात, देवनागरीत तर अजून जास्त, हे खरं आहे. आम्ही म्हणून वाक्यं इंग्रजीत ठेवली आणि शेतकऱ्याचे शब्द, एनमचे पर्याय तेवढे देवनागरीत. पण एका चुकीच्या कॉलमागं दुसरा कॉल, मग माफीचा मेसेज, मग शेतकऱ्याचा फोन, हे धरलं तर तीन-चार वाक्यं स्वस्तच पडतात. "अत्यंत शक्तिशाली, सर्वसमावेशक भाव प्रणाली" असली विशेषणं मात्र खुशाल उडवा. कडक शब्दांचंही जपून, "हे टूल कधीही वापरू नकोस" असं लिहिलं तर खरंच वापरत नाही, जिथं हवं तिथंसुद्धा. त्याऐवजी कारण लिहा.

वर्णनं नीट झाली की सिस्टिम प्रॉम्प्टमधल्या जुन्या ठिगळांकडे या. ती तशीच ठेवली तर नवीन वर्णनाशी भांडतात आणि कोण जिंकेल सांगता येत नाही. एकेक ओळ काढा, संच चालवा. काही बिघडलं नाही तर पुढची काढा. बिघडलं तर ती ओळ ज्या टूलबद्दल आहे त्याच्या वर्णनात हलवा, आणि परत चालवा.